मागच्या रांगेतले वाजवणारे

जुन्या हिंदी सिनेमाच्या श्रेयनामावलीत अरेंजरचं नाव डोळे ताणून शोधावं लागतं. तिसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याचं तर नसतंच. माझे वडील त्या तिसऱ्या रांगेतले. वसईतल्या निर्मळहून एसटीने नालासोपारा, तिथून लोकल, मग कधी ताडदेवचं फिल्म सेंटर, कधी महालक्ष्मीचं फेमस. विरारहून मुंबईला लोकल १२ एप्रिल १८६७ पासून धावते. तिच्यातून वसईकरांनी भाजी नेली, फुलं नेली, विड्याची पानं नेली. व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन जाणारे मोजकेच, पण होते.

संगीत शिकायची सोय चर्चमध्येच. गोव्यात पॅरिशच्या शाळांतून पोरांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवायची रीत पोर्तुगीज काळापासून होती. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा ही सगळी त्याच मातीतली माणसं. आमच्याकडे वसईत एवढा थाट नव्हता. ऑर्गन वाजवणारे मास्तर संध्याकाळी चार पोरांना नोटेशन शिकवत आणि ज्याचा हात बसला तो गावच्या बँडमध्ये जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, तेव्हा याच मास्तरांवर नव्या गीतांना चाली लावायची वेळ आली.

वडिलांना स्टुडिओत पहिल्यांदा नेलं ते एका गोवेकर वादकाने. पन्नास माणसांचा ताफा, समोर हाताने उतरवलेले नोटेशनचे कागद, आणि एक जण चुकला की सगळ्यांचा रिटेक. नव्या पोराला शेवटच्या खुर्चीत बसवून शेजारचा जुना वादक कानात सांगे : अडलास की बो तारेवरून अलगद उचल, पण हात सगळ्यांबरोबर वरखाली होऊ दे. दोन-चार महिने अर्धं वाजवून, अर्धं हवेत हात फिरवून वडील वाचून वाजवायला शिकले. पैसे मात्र पूर्ण मिळत. म्हणजे निर्मात्याच्या खर्चाने चाललेली ती शाळाच होती. कुणी तिला शाळा म्हणत नसे, एवढंच.

यंत्रं तेव्हाही होती. १९५४ च्या 'नागिन'मध्ये देशभर गाजलेली बीन म्हणजे कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलिन नावाचं विजेवरचं वाद्य. त्यामुळे पुंगीवाल्याची रोजी काही बुडाली नाही. त्याला स्टुडिओत बोलावत होतं कोण? सत्तरच्या दशकात वादक केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर आणला. १९८२ मध्ये गिटारवादक चरणजित सिंग यांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवून तबकडी काढली. ती इथे फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा मात्र युरोपातले लोक वेडे झाले. सांगायचं ते हे, की ही यंत्रं बाहेरून कुणी लादली नाहीत. पहिल्या रांगेतल्या आपल्याच थोर वादकांनी हौसेने आणली. फटका बसला मागच्या रांगेला.

१९८३ मध्ये मिडी आलं, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलू लागले. १९९२ च्या 'रोजा'नंतर संगणकावर घडवलेला नाद सगळ्यांना हवासा झाला. नव्वदीच्या मध्यापर्यंत पन्नास माणसांच्या सीटिंग दुर्मीळ झाल्या. एकट्याने बासरी किंवा सारंगी वाजवणाऱ्याला बोलावणं येत राहिलं, पण तिसऱ्या रांगेचं काम कीबोर्डवरचं 'स्ट्रिंग्ज'चं बटण करू लागलं. वडील वसईत परतले, लग्नाच्या सुपाऱ्या घेऊ लागले आणि ओट्यावर पोरांना शिकवू लागले. पुढे त्या लग्नांतही डीजे घुसला, ते वेगळं.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. २०२४ च्या जानेवारीत ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम'मधल्या गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून काढून घेतले; घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला, असं त्यांनी जाहीर सांगितलं. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची आणि गायकीची नक्कल करायला अंतरिम मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण मिळालं. निकाल रास्तच आहेत.

आवाज उचलून नेण्याचा प्रकार वसईला नवा नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि इथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही पाहता येतात. घंटा गेली की मागे रिकामा मनोरा दिसायचा. आताच्या चोरीत काहीच रिकामं दिसत नाही, म्हणून कोर्टात जावं लागतं. पण कोर्टात जायला आवाज ओळखीचा लागतो. तिसऱ्या रांगेतल्याचा आवाज म्हणून ओळखणार कोण? पन्नासांत मिसळून जाणं, हेच तर त्याचं कसब.

माझ्याकडे ट्रम्पेट शिकणाऱ्या एका पोराने परवा मोबाइलवर चार ओळी लिहिल्या : हळदीचं गाणं, ब्रास बँड, जोशात. चहा गाळेपर्यंत गाणं तयार. ठेका बरा होता. ट्रम्पेट मात्र सोळा मात्रा, मग आणखी सोळा, मग पुन्हा सोळा, कुठे श्वासच घेत नव्हता. पोराला ते लगेच कळलं, कारण आदल्याच आठवड्यात त्याच जागी त्याचा दम तुटला होता. लग्नघरच्या यजमानाला कळणार नाही, आणि कळावं अशी माझी अपेक्षाही नाही.

यंत्र वाईट वाजवतं म्हणून मी चिडत नाही. उद्या ते श्वासही घेईल. माझी तक्रार खुर्चीची आहे. आमच्या भागातली गाणारी-वाजवणारी मुलं घडली ती फुटकळ कामांवर : मोठ्या गायकाआधी गायचा स्क्रॅच, दुकानाची जाहिरात, वॉर्डातल्या उमेदवाराचं प्रचारगीत. पैसे थोडे, पण माइकसमोर चुकायची मुभा भरपूर. नेमकी हीच कामं आता फुकटात होऊ लागली आहेत. उद्याचा पहिल्या रांगेतला वादक शेवटच्या खुर्चीत बसल्याशिवाय कसा तयार होणार, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

तेव्हा वसई-विरारच्या यजमानांना एक विनंती. घरात लग्न निघालं आणि बँडची सुपारी द्यायला गेलात, तर मास्तरांना सांगा, एक शिकाऊ पोरगा जास्तीचा आणा, त्याचे पैसे आम्ही देऊ. तो चुकेल. चुकू द्या.