स्टंपामागे कोण उभं राहणार?

मंडळी, इंग्लंडच्या फुटबॉलला एक जुनं दुखणं आहे : गोलकीपर. गॉर्डन बँक्स आणि पीटर शिल्टन (देशासाठी १२५ सामने!) ज्यांनी दिले, त्यांच्याच रॉबर्ट ग्रीनच्या हातातून २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध एक साधा शॉट निसटला आणि सरपटत गोलमध्ये गेला. तिथे कुणालाही कारण विचारा, उत्तर ठरलेलं. मँचेस्टर युनायटेडने १९९१ मध्ये डेन्मार्कचा श्मायकेल आणला, मग बाकीच्या क्लबांनीही बाहेरून माणसं आणली, मग घरच्या पोरांनी खेळायचं कुठे? २०१८ मध्ये पिकफर्डने कोलंबियाविरुद्ध पेनल्टी अडवली तेव्हा कुठे लोकांना जरा हायसं वाटलं.

आपल्याला काय त्याचं? आपण वाशीमकडची माणसं, फुटबॉल म्हणजे रात्री जागून टीव्हीवर बघायची गोष्ट. पण हाच प्रश्न आपल्या घरात आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. २००१ नंतर मुंबई, महाराष्ट्र किंवा विदर्भ, या तिन्ही रणजी संघांतला एकही खेळाडू भारताचा कसोटी यष्टिरक्षक झालेला नाही. एकही नाही! बॅट्समन झाले, बोलर झाले. कीपर नाही.

आणि हे कुठे, तर जिथे कीपरची खाणच होती. दत्ताराम हिंदळेकर १९३६ आणि १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यांवर होते. मग माधव मंत्री (सुनील गावसकरांचे मामा), महाराष्ट्र संघाचे नाना जोशी, मुंबईचे नरेन ताम्हाणे आणि त्यानंतर फारुख इंजिनियर, आमच्या धंद्यातलं आडनाव घेऊन ४६ कसोटी खेळलेला माणूस.

यातले ताम्हाणे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात. १९५५ ते १९६० या काळात २१ कसोटी, ५१ बळी, त्यातले १६ यष्टिचीत. आणि बॅटिंगची सरासरी? जेमतेम १०. नाना जोशींचीही ११ च्या आतच. आज असा मुलगा निवड चाचणीला गेला तर जिल्ह्याच्या संघातही कुणी घेणार नाही. पण तेव्हा हिशोब वेगळा होता. समोरून सुभाष गुप्ते लेगस्पिन टाकतोय, विनू मांकड आहे, आणि मागे एक स्टंपिंग सुटलं तर पुढचे दोन तास तोच बॅट्समन बघत बसायचं. कीपरच्या २० धावा कमी चालतील, हात ढिले नको. मुंबईत त्यासाठी कांगा लीगही होती, १९४८ पासून, ऐन पावसाळ्यात. ओल्या विकेटवर चेंडू एकदा छातीवर येणार, एकदा घोट्याशी. माझ्या मते कीपरसाठी याहून चांगला क्लास कुठे नसेल.

मग खाण बंद का पडली? पहिलं कारण साधं आहे. संघात बॅट्समन सहा, बोलर चार-पाच, कीपर एक. १९७६ मध्ये सय्यद किरमाणी आला आणि दहा वर्षांत ८८ कसोटी खेळून गेला. त्यानंतर बडोद्याचा किरण मोरे, ४९ कसोटी. त्यानंतर बडोद्याचाच नयन मोंगिया, ४४. या रांगेत मुंबईचा चंद्रकांत पंडित उभा होता. त्याच्या वाट्याला ५ कसोटी आल्या, त्यातही काही निव्वळ बॅट्समन म्हणून. आमच्या कंपन्यांत ज्याला 'बेंचवर असणं' म्हणतात ना, तेच हे. फक्त इथे बेंचवर करिअर संपतं.

मोंगियाच्या शेवटच्या दिवसांपासून जे सुरू झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. १९९९ ते २००४ या काळात एम. एस. के. प्रसाद, सबा करीम, विजय दहिया, समीर दिघे, दीप दासगुप्ता, अजय रात्रा, पार्थिव पटेल, दिनेश कार्तिक असे तब्बल आठ नवे कीपर कसोटीत उतरले. पार्थिव तर २००२ मध्ये नॉटिंगहॅमला उतरला तेव्हा १७ वर्षांचा होता. वनडेत २००३ च्या वर्ल्ड कपला आपण चक्क राहुल द्रविडला ग्लोव्ह्ज दिले, कारण एक बॅट्समन जास्त खेळवता येत होता.

यातला समीर दिघे हा आपला शेवटचा. मार्च २००१, चेन्नई, ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती प्रसिद्ध मालिका, विजयासाठी १५५ धावा हव्यात आणि विकेट पडतायत. पहिलीच कसोटी खेळणारा दिघे २२ वर नाबाद राहिला, आपण दोन विकेटनी जिंकलो. लोकांना हरभजनची शेवटची धाव आठवते, दुसऱ्या टोकाला कोण होतं ते नाही. त्याच वर्षी श्रीलंका दौऱ्यानंतर त्याचं कसोटी करिअर संपलं. सहा कसोटी!

तोपर्यंत गिलख्रिस्टने नोकरीचं जॉब डिस्क्रिप्शनच बदललं होतं आणि २००५ मध्ये धोनीने त्यावर शिक्का मारला. आता पहिला प्रश्न 'बॅटिंग कशी आहे?' कीपिंग नंतर बघू. म्हणून आज गंमत अशी आहे की नावांची टंचाई अजिबात नाही, पंत, राहुल, जुरेल, किशन, सॅमसन वगैरे हवे तेवढे आहेत. टंचाई आहे ती ताम्हाणे जातीच्या कीपरची. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला वृद्धिमान साहाने लेग साइडला झेप घेऊन उमेश यादवला दोन विकेट अक्षरशः काढून दिल्या. तो साहा धोनीमागे वर्षानुवर्षं थांबला होता.

आपल्या विदर्भाचं काय? इथे तर गोष्ट सुधारल्यासारखी वाटते. २०१७-१८ आणि २०१८-१९, लागोपाठ दोन रणजी करंडक, कोच कोण? तोच बेंचवरचा चंद्रकांत पंडित. पहिल्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध शतक कोणाचं? कीपर अक्षय वाडकरचं, १३३. २०२४-२५ मध्ये विदर्भ पुन्हा जिंकला तेव्हा वाडकर कॅप्टन होता. आणि कारंज्यावरून पुढे गेलं की अमरावती, तिथला जितेश शर्मा २०२३ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी खेळला. म्हणजे हात आहेत की!

पण गल्लीत बघा. टेनिस बॉलच्या मॅचमध्ये स्टंपामागे कोण असतं? कच्चा लिंबू. ज्याला बॅटिंग शेवटी, बोलिंग नाही, त्याने मागे उभं राहून बॉल आणायचा. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण क्रिकेट सीरियसली खेळायचं तर पोराला अकोला, अमरावती, पुढे नागपूर हाच रस्ता. तिथे पोचेपर्यंत तो बॅट्समन किंवा बोलर झालेला असतो. बसायचं कसं, चेंडू येईपर्यंत उठायचं नाही, हात मागे नेत चेंडू घ्यायचा, हे शिकवणारा माणूस त्याला वाटेत भेटलेलाच नसतो. (इंग्लंडमध्ये क्लबांकडे निदान गोलकीपरसाठी वेगळा कोच तरी असतो.)

आणि यातून जो वर पोचतो त्याच्यापुढे पुन्हा तेच एक आणि शून्य. २७ मे २०२५ ला लखनौमध्ये जितेशने बंगळुरूसाठी ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, २२८ चं टार्गेट गाठलं, नंतर त्याच्या संघाने आयपीएलही जिंकली. त्याआधीच्या मोसमात विदर्भ रणजी जिंकला तेव्हा मात्र तो एकही रणजी सामना खेळला नव्हता. ग्लोव्ह्ज वाडकरकडे होते, आणि वाडकर कॅप्टन. चूक कुणाचीच नाही. पुढच्या मोसमासाठी जितेश विदर्भ सोडून बडोद्याला गेला, मोरे आणि मोंगियाच्या गावाला.