उच्च रक्तदाब आणि हिरड्यांचा आजार

दातांना धरून ठेवणाऱ्या हिरड्या व हाड यांचा जुनाट दाह (परिदंतदाह, बोलीभाषेत ‘पायरिया’) आणि वाढलेला रक्तदाब हे दोन आजार पुष्कळदा एकाच व्यक्तीत आढळतात. दोन्ही वर्षानुवर्षे दुखत नाहीत, म्हणून दोन्हींकडे दुर्लक्ष होते. त्यांतला रक्तदाब निदान यंत्राने मोजला तरी जातो. हिरड्यांकडे दात हलायला लागेपर्यंत कोणी पाहत नाही.

निरोगी तोंडात दात आणि हिरडी यांमधली फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते. दातांवर साचलेला जिवाणूंचा थर कडक होऊन त्याचे किटण बनते, हिरडी सुजते, ब्रश लावताच रक्त येते आणि फट खोल होत जाते. तिथले जिवाणू व दाहकारक द्रव्ये रक्तात उतरतात. त्यांमुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, नायट्रिक ऑक्साइड कमी पडते आणि वाहिन्या हव्या तितक्या सैलावत नाहीत. २००७ साली १२० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत हिरड्यांच्या सखोल उपचारानंतर सहा महिन्यांनी वाहिन्यांची प्रसरणक्षमता सुधारलेली दिसली. उपचाराच्या दुसऱ्या दिवशी मात्र ती तात्पुरती घटली होती.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ८१ अभ्यास तपासले गेले. मध्यम ते तीव्र परिदंतदाह असलेल्यांत उच्च रक्तदाब असण्याची शक्यता २२ टक्क्यांनी, तर तीव्र परिदंतदाहात ४९ टक्क्यांनी अधिक आढळली. त्याच वर्षी पोलंडमधील १०१ रुग्णांच्या चाचणीत सखोल उपचारानंतर दोन महिन्यांनी वरचा रक्तदाब सुमारे ११ अंकांनी कमी भरला. एवढी घट सर्वच चाचण्यांत दिसलेली नाही. वय, मधुमेह, तंबाखू आणि गरिबी ही दोन्ही आजारांची सामाईक कारणे आहेत, त्यामुळे कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. दात साफ करून घेणे ही रक्तदाबाच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही. गोळी चालू असलेल्याने हिरड्या दाखवून घ्याव्यात, इतके म्हणायला मात्र आजचा पुरावा पुरेसा आहे.

आता हाच विषय एका गावाच्या संदर्भात पाहू. येडशी हे धाराशिव तालुक्यातले, बालाघाटाच्या डोंगरातले गाव. अशा भागात हा विषय तंबाखूपासून सुरू करावा लागतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. त्यात बायकांची मिश्री विशेष घातक. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ही पूड बोटाने दातांवर आणि हिरड्यांवर चोळली जाते. आधी सकाळी एकदा, मग कामाच्या मधूनमधून, मग झोपताना. दात घासल्याचे समाधान मिळते, किटण मात्र जागच्या जागी राहते. हिरडी झिजून दातांची मुळे उघडी पडतात, आणि निकोटिनमुळे दर खेपेला नाडीचे ठोके व रक्तदाब काही वेळ चढतात. म्हणजे एकाच चिमटीतून दोन्ही आजारांना खतपाणी मिळते. तरी ‘व्यसन’ म्हटले की मिश्री कोणाच्या ध्यानात येत नाही, ही फार मोठी चूक आहे.

‘दात साफ केले की ढिले होतात’ हा समज गावोगावी पक्का आहे. किटणाने भरलेल्या फटी साफ झाल्यावर त्या मोकळ्या जाणवतात आणि दात आधीच हलत असल्याचे तेव्हा कळते. साफसफाईने ते हललेले नसतात. किटणाचा उपचार दंतवैद्याकडेच होतो. दंतमहाविद्यालयाची सोय येडशीकरांना लातूरला आहे.

तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी आरोग्य केंद्रांवर होते. आरोग्यसेविका बॅटरी लावून तोंडात पाहते ती चट्टे आणि न भरणाऱ्या जखमांसाठी. त्याच उजेडात लाल, सुजलेल्या हिरड्या आणि किटणही दिसते. ‘ब्रश करताना रक्त येते का?’ हा एक प्रश्न तिथे जोडायला पैसा लागत नाही, आणि तो जोडायला हवा.

औषधांची बाजूही रुग्णांना सांगितली जात नाही. ॲम्लोडिपिन व निफेडिपिन या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. तोंड अस्वच्छ असल्यास अधिक. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडू शकते. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या दीर्घकाळ केल्यास जिभेवरचे उपयुक्त जिवाणू मरतात. पालेभाज्या व बीट यांतील नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड बनण्याची पहिली पायरी याच जिवाणूंमुळे घडते. म्हणून या गुळण्या दंतवैद्य सांगतील तितकेच दिवस कराव्यात. दात काढण्यापूर्वी रक्तदाब मोजून घ्यावा. तो १८०/११० किंवा त्याहून जास्त असल्यास तातडीचे नसलेले उपचार सहसा पुढे ढकलतात. हिरड्या फुगल्या म्हणून रक्तदाबाची गोळी, किंवा दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.