न विचारलेला प्रश्न : प्रोसेसर आणि वीज

संगणक घेताना पूर्वी आपण एकच प्रश्न विचारत असू : किती गिगाहर्ट्झचा? तो वीज किती खातो, हे विचारण्याचे सहसा कुणाच्या मनात येत नसे. इंटेल आणि एएमडी यांच्यातील स्पर्धेचा इतिहास पाहिला, तर हा न विचारलेला प्रश्न किती महाग पडला ते कळते.

नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने पेंटियम ४ बाजारात आणला. प्रत्येक आज्ञेचे काम लहान लहान टप्प्यांत वाटायचे आणि घड्याळाचा वेग चढवत न्यायचा, हे त्याच्या रचनेचे सूत्र. आरंभी असे २० टप्पे होते. फेब्रुवारी २००४ मधील ‘प्रेस्कॉट’ या आवृत्तीत ते ३१ झाले. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढे ठेवावे लागते, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यातच ९० नॅनोमीटर तंत्राने घडवलेल्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरांतून, ते बंद असतानाही, वीज झिरपू लागली. प्रेस्कॉटच्या वरच्या आवृत्त्यांचा उष्णतेचा अधिकृत आकडा ११५ वॅटवर गेला. एएमडीचा २००३ मधील अ‍ॅथलॉन ६४ कमी गिगाहर्ट्झवर तोडीस तोड काम करी. त्याचा आकडा होता ८९ वॅट.

हे आकडे शेजारी मांडताना मात्र सावध राहावे लागते. एएमडी त्या काळी कमाल मर्यादा सांगे, तर इंटेल प्रत्यक्षातील जड कामाच्या वेळची उष्णता. दोघांचे माप एक नव्हते. त्यामुळे खरी तफावत २६ वॅटहून अधिकच असणार.

ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला. तोवर उत्तर तिच्याच घरात तयार होते. इस्रायलमधील हैफा येथील तिच्या अभियंत्यांनी लॅपटॉपसाठी घडवलेला पेंटियम एम मार्च २००३ मध्येच आला होता. त्याचा आकडा अवघा २४.५ वॅट. त्याच वंशातील कोअर २ ड्युओ जुलै २००६ मध्ये आला : दोन गाभे, मंद घड्याळ, ६५ वॅट, आणि कामात पेंटियम ४ च्या पुढे.

या कथेत कुणी अडाणी नव्हते. ग्राहक जो आकडा विचारत होते, तोच कंपनी वाढवून देत होती. टेबलावरच्या संगणकाला भिंतीतून हवी तेवढी वीज मिळे. लॅपटॉपला मात्र बॅटरी देईल तेवढ्यातच भागवावे लागे. म्हणून तो प्रश्न आधी लॅपटॉप घडवणाऱ्यांना पडला.