वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, हे आपल्याला ठाऊक असते. मग वॉकर म्हणजे काय? चालणारा? पण चालणे हा काही धंदा नव्हे!

वॉकर चालत असे, पण जागच्या जागी. मागावरून उतरलेले लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असते. ते कुंडात घालून, पाण्यात शिळे मूत्र किंवा विशिष्ट माती मिसळून, तासन्‌तास पायांनी तुडवावे लागे. मग तेलकटपणा निघे, कापड आटून दाट आणि ऊबदार होई. हे घाणेरडे, कष्टाचे काम करणारा तो वॉकर.

गंमत अशी की, याच कामकऱ्याला इंग्लंडच्या आग्नेय भागात फुलर आणि नैर्ऋत्येला टकर म्हणत. वॉकर हा उत्तरेकडचा शब्द. धंदा एक, आडनावे तीन! शिवाय कापड तुडवणारे गावोगाव वेगवेगळे होते. त्यामुळे दोन वॉकर एकमेकांचे नातलग असतीलच असे नाही.

इंग्लंडमध्ये आडनावे पिढीजात झाली ती साधारणपणे बाराव्या ते चौदाव्या शतकांत. त्याच सुमारास पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले. ११८५ सालच्या नोंदींत अशा चक्क्या सापडतात. हळूहळू पायांचे काम हातोडे करू लागले, आडनाव मात्र टिकले. पुढे स्कॉटलंडमधल्या किल्मारनॉक गावी १८२० साली जॉन वॉकर नावाच्या किराणा दुकानदाराने धंदा सुरू केला. त्यातून निघालेल्या व्हिस्कीचे नाव गुरुदत्तने मुंबईच्या एका माजी बस कंडक्टरला, बदरुद्दीन काझींना दिले. तेच आपले जॉनी वॉकर.

अमेरिकेत हे आडनाव गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर गेले. तिथल्या १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची नावे सहसा लिहिलीच जात नसत; मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. मुक्त झालेल्या सगळ्या माणसांची नावानिशी नोंद झाली ती १८७० साली. कोणी जुन्या मालकाचे आडनाव लावले, तर कोणी मुद्दाम वेगळे निवडले. आज असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे वॉकर आहेत. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी १८६७ मध्ये जन्मलेली सारा ब्रीडलव्ह लग्नाने वॉकर झाली. केसांच्या औषधांचा मोठा उद्योग उभारून ती मॅडम सी. जे. वॉकर म्हणून गाजली. पुढे नवरा सुटला, पण आडनाव तिने सोडले नाही. तोवर ते तिच्या कर्तृत्वाचे झाले होते.

आपल्याकडे नवा माणूस भेटला की आपण आधी आडनाव विचारतो, आणि त्यावरून मनातल्या मनात जात लावून मोकळे होतो. शाळेत हजेरी घेताना मुलांच्या चेहऱ्यांवर मी हे अनेकदा पाहिले आहे. वॉकर या एका शब्दामागे किती प्रकारची माणसे उभी आहेत पाहा. आडनावावरून फार तर कोण्या पूर्वजाचा धंदा कळेल, कधी तोही नाही. समोरचा माणूस कसा आहे, हे त्याच्याशी बोलूनच कळायचे.