ओंबळे, तुकाराम गोपाळ

ओंबळे, तुकाराम गोपाळ : (सु. १९५४ – २७ नोव्हेंबर २००८). मुंबई पोलिस दलातील सहायक फौजदार व अशोकचक्राचे मरणोत्तर मानकरी. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर चालून आलेल्या दहा हल्लेखोरांपैकी अजमल कसाब हा एकटाच जिवंत सापडला. ज्या झटापटीत तो सापडला, तीत ओंबळे यांना मरण आले. आडनाव ‘ओंबाळे’ असेही लिहिलेले आढळते. मृत्यूची तारीख पुष्कळ ठिकाणी २६ नोव्हेंबर दिलेली असते. घटना मध्यरात्र उलटल्यावरची असल्याने येथे २७ धरली आहे.

जीवन : मूळ गाव केडंबे (ता. जावळी, जि. सातारा). जावळी खोऱ्यातली माणसे पोटासाठी मुंबईत येऊन बहुधा माथाडी कामात शिरत. सातारा जिल्ह्याची दुसरी जुनी वाट फौजेची. ओंबळे दुसऱ्या वाटेने गेले. भूसेनेच्या सिग्नल विभागातून नाईक म्हणून निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये ते मुंबई पोलिस दलात शिपाई म्हणून भरती झाले. अखेरची नेमणूक डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलिस ठाण्यात, म्हणजे बोलीतल्या ‘डी. बी. मार्ग’ला.

कुटुंब : पत्नी व मुली.

गिरगाव चौपाटीवरील घटना : छत्रपती शिवाजी टर्मिनस व कामा रुग्णालय येथील गोळीबारानंतर कसाब व त्याचा साथीदार अबू इस्माइल यांनी रंगभवनच्या गल्लीत पोलिसांच्या क्वालिस गाडीवर गोळ्या झाडल्या. हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी तेथे मारले गेले. तीच क्वालिस घेऊन दोघे निघाले. तिचे चाक पंक्चर झाल्यावर विधानभवनाच्या परिसरात त्यांनी एक स्कोडा गाडी बळकावली व मरीन ड्राइव्हने ते उत्तरेकडे आले. बिनतारी संदेश मिळाल्याने डी. बी. मार्गच्या पोलिसांनी गिरगावच्या विनोली चौपाटीजवळ नाकाबंदी लावली होती. अडथळ्यांच्या अलीकडेच गाडी थांबली. चालकाने दिवे प्रखर ठेवले आणि काचेवर पाणी सोडून वायपर चालू केले, त्यामुळे आत कोण आहे ते दिसेना. मग गाडी वळवून परत फिरण्याच्या प्रयत्नात ती दुभाजकाला धडकून अडकली. गाडी इस्माइल चालवत होता. पोलिसांच्या गोळीबारात तो जखमी होऊन पुढे मरण पावला. शेजारच्या बाजूने कसाब बाहेर पडला. त्याच्या दिशेने धावलेल्यांत ओंबळे व सहायक पोलिस निरीक्षक संजय गोविलकर होते. ओंबळे यांच्या हाती लाठी होती, बंदूक नव्हती. त्यांनी एके-४७ ची नळी धरली. कसाबने चाप ओढला. गोळ्या ओंबळे यांच्या अंगात गेल्या आणि गोविलकरही जखमी झाले. तेवढ्या अवधीत इतर पोलिसांनी लाठ्यांनी कसाबला खाली पाडून रायफल काढून घेतली. ओंबळे यांना किती गोळ्या लागल्या याचे निरनिराळे आकडे फिरतात. जे वाढत जाते ते मोजमाप नोंदीत घेण्यात अर्थ नाही. नाकाबंदीवरच्या पोलिसांकडील शस्त्रांच्या पुरेपणावर मागाहून बराच वाद झाला. या हल्ल्याबाबत राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीचा विषय त्याहून व्यापक असल्याने त्याचा तपशील येथे देत नाही.

खटल्यातील महत्त्व : ओंबळे यांच्या कृतीचे वर्णन शौर्य म्हणून सर्वत्र होते. पुराव्याच्या अंगाने तिचे मोल त्याहून कमी चर्चिले गेले आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर. उरलेले नऊ हल्लेखोर मारले गेले. मेलेल्या हल्लेखोराकडून शस्त्र, फोन, कपडे हस्तगत होतात, परंतु तो कोठून आला, कोणी शिकवले, समुद्रातून कसा उतरला हे त्याच्या तोंडून कळत नाही. कसाब जिवंत असल्यामुळे फेब्रुवारी २००९ मध्ये महानगर दंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा कबुलीजबाब फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली नोंदवता आला. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, दंडाधिकाऱ्यांपुढची चालू शकते. सगळी मेख येथे आहे. खटला उभा राहिल्यावर त्याने आधी आरोप नाकारले, २० जुलै २००९ रोजी भर न्यायालयात गुन्हा मान्य केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात तेही फिरवले. अशा उलटसुलट जबाबांतून वाट काढत विशेष न्यायाधीश म. ल. टहलियानी यांनी मे २०१० मध्ये त्याला दोषी ठरवून फाशीची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०११ रोजी व सर्वोच्च न्यायालयाने (न्या. आफताब आलम व न्या. चंद्रमौळी कुमार प्रसाद) २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती कायम केली. दंडाधिकाऱ्यांपुढील कबुलीजबाब स्वेच्छेने दिलेला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मानले. ओंबळे यांची हत्या हाही आरोपांचा भाग होता. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात शिक्षेची अंमलबजावणी झाली.

सन्मान : अशोकचक्र, २६ जानेवारी २००९. त्या दिवशी हा सन्मान मिळालेल्या अकरा जणांत मुंबई पोलिसांचे चौघे होते. ओंबळे, करकरे, कामटे व साळसकर. चौघांत हुद्द्याने ओंबळे सर्वांत कनिष्ठ. वरिष्ठांवर स्वतंत्र पुस्तके आहेत, सहायक फौजदारावर बहुतेक वेळा परिच्छेद मिळतो.

जीवशास्त्रीय नामकरण : ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या (साल्टिसिडी कुल) एका नव्या जातीला २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव देण्यात आले. ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार व राजेश सानप यांचा हा शोधनिबंध ‘आर्थ्रोपोडा सिलेक्टा’ या रशियन नियतकालिकात आला. त्यातच ‘फिंटेला चोलकेई’ या दुसऱ्या जातीचेही वर्णन आहे. या कुलातले बहुतेक कोळी जाळे विणून भक्ष्याची वाट पाहत नाहीत. पुढच्या मोठ्या डोळ्यांनी अंतर जोखून थेट झेप घेतात. जातिनाम आडनावावरून न करता पाळण्यातल्या नावावरून केल्याने मराठी वाचकाला आधी संत तुकारामांचे देहू आठवण्याचा संभव आहे.

स्मारके : चौपाटीवर पुतळा. या हल्ल्यातील हुतात्म्यांना मुंबई पोलिसांची वार्षिक मानवंदना पूर्वी मरीन ड्राइव्हवरील पोलिस जिमखान्यातल्या स्मारकापाशी होत असे. सागरी किनारा मार्गाच्या कामामुळे ती २०२० पासून पोलिस मुख्यालयाच्या आवारात होऊ लागली. केडंबे येथील स्मारकासाठी राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. पैकी पहिला हप्ता २ कोटी ७० लाखांचा.