वतन सोडून रुळांवर

पक्की नोकरी सोडून रेल्वेत जायचं म्हटलं, की आज आपल्याला भरतीची परीक्षा, प्रशिक्षण केंद्र आणि नेमणुकीचं पत्र आठवतं. दीडशे वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यात हीच गोष्ट वेगळी होती. तिथं अनेकांना जी ‘पक्की नोकरी’ सोडायची होती, ती म्हणजे महारकीचं वतन.

वतन पक्कं होतं यात शंका नाही. ते बापाकडून मुलाकडे यायचं. थोडी इनाम जमीन असायची, सुगीला बलुतं मिळायचं. पण कामाला ना वेळ होती ना मोजमाप. टपाल पोचवा, अंमलदाराचं सामान वाहा, साऱ्याची रक्कम राखत न्या, मयताची खबर परगावी द्या. घरचा कर्ता आजारी असला तर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचं. 1874 च्या वतन कायद्यानं या व्यवस्थेला सरकारी बळ दिलं. थोडक्यात, नोकरी पक्की होती आणि माणूसही तिला पक्का बांधलेला होता.

त्याच दशकात दौंड–मनमाड लोहमार्ग आला. 1876 च्या दुष्काळात त्याच्या मातीकामावर दुष्काळग्रस्त लागले आणि 1878 मध्ये मार्ग सुरू झाला. नगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबा या पट्ट्यात आता गावाशेजारीच रोख मजुरीचं काम दिसू लागलं, आणि ही मजुरी पाटलाच्या हातून मिळत नव्हती. हा फरक आपण कमी लेखता कामा नये.

मग सगळ्यांनीच वतन का टाकलं नाही? कारण जमीन. चाकरी सोडली तर तीही जायची. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते ही गाठ सोडवण्यासाठीच. ते पुढे मागे घ्यावं लागलं. ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं.

बरं, जे रेल्वेत गेले त्यांचं काय झालं? हे कळायला आपल्याला याच मार्गाच्या टोकाला, मनमाडला जावं लागतं. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी तिथं जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचं विधान सर्वांना माहीत आहे. पण रेल्वेबद्दलचा मुद्दा फारसा सांगितला जात नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करावी लागतात, आणि तिथं विटाळ आडवा येतो. कारखान्यातही कुशल कामाच्या जागा त्याच्यासाठी जवळपास बंदच.

त्या काळी रेल्वेचं बरंचसं शिक्षण कामावरच व्हायचं. इंजिन पुसणारा पुढे फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. पहिल्या पायरीवर घेतलंच नाही, तर पुढचं शिक्षणही नाही. हातात पहार घेऊन रुळांखाली खडी ठोकणाऱ्याला तशी शिडीच नव्हती.

म्हणून 1943 मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखीव झाल्या, ते महत्त्वाचं ठरतं. वतन सोडणाऱ्यानं गावची सक्ती मागे टाकली होती. पण काम शिकून वर जाण्याचा हक्क त्याला वेगळा मिळवावा लागला.