हंगामाआधीचा हंगाम : छावणी, कांगा लीग आणि संगणकातले खेळाडू

१/ ऑनलाइन आभासी लीगमधला खेळाडू म्हणजे काही आकडे. त्याला घाम येत नाही, त्याचे स्नायू आखडत नाहीत, सुट्टीत त्याचे वजन वाढत नाही. तरीही अशा लीगमध्ये मुख्य स्पर्धेआधी हंगामपूर्व सामने ठेवतात आणि त्यांचे गुण तक्त्यात धरत नाहीत. शरीरच नसेल, तर सराव कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात सापडते. त्यासाठी हा थ्रेड.

२/ आरंभ क्रीडांगणापासून दूर करू. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवकालीन लष्कराचे वार्षिक वेळापत्रक दिले आहे. पावसाळ्यात फौज स्वदेशी छावणीस येई. तिच्यासाठी दाणा, वैरण, औषधे आणि निवाऱ्याची तजवीज आधीच केलेली असे. दसरा होताच कूच.

३/ यातला एक तपशील महत्त्वाचा आहे. निघण्यापूर्वी लहानथोर प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची यादी होत असे, आणि मोहिमेहून परतताना त्या यादीशी ताळा घेतला जाई. म्हणजे छावणी ही नुसती विश्रांती नव्हती. आपल्याजवळ नेमके काय आहे, हे मोहिमेआधी कागदावर आणण्याचा तो काळ होता.

४/ आता मुंबई, १९४८. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने एक क्रिकेट लीग सुरू झाली. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात कांगा होते. पळवणकर बाळू हेही त्याच संघातले. या लीगचे वैशिष्ट्य असे की ती ऐन पावसाळ्यात खेळायची. रणजी करंडकाचा हंगाम तेव्हा अजून दूर असतो.

५/ कांगा लीगला स्वतःचे गुण आहेत, विजेतेपद आहे, वरच्या-खालच्या श्रेणी आहेत. त्यामुळे तिला मैत्रीपूर्ण सामने म्हणता येणार नाही. पण मुंबई क्रिकेटच्या वर्षातले तिचे स्थान हंगामपूर्वच होते. ओली, न झाकलेली खेळपट्टी. एक चेंडू थबकून येतो, दुसरा अंगावर उसळतो. मैदानात गवत इतके माजलेले की जमिनीलगत मारलेला उत्तम फटकाही सीमेपर्यंत पोहोचत नाही. मग चेंडू उचलून मारावा लागतो, आणि त्यात झेल जाण्याचा धोका.

६/ अशा खेळपट्टीवर कीर्तीचा उपयोग नसतो. कसोटी खेळलेला फलंदाज आणि आठवडाभर कचेरीत बसून रविवारी गोलंदाजी करणारा कारकून समोरासमोर येत. सचिन तेंडुलकर या लीगमध्ये प्रथम खेळला तो १९८४ साली, अकराव्या वर्षी, जॉन ब्राइट क्लबकडून. वय, नाव, मागील हंगामाच्या धावा यांपलीकडे कोणाजवळ खरोखर काय आहे, ते इथे उघड होई.

७/ मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला. त्याचे सारे श्रेय एका लीगला देणे हे इतिहासाचे सुलभीकरण होईल. शालेय स्पर्धा, क्लब, कार्यालयीन संघ यांचाही त्यात वाटा आहे. मात्र दरवर्षी हंगामाआधी आपले बळ तपासून पाहण्याची सवय त्या वर्चस्वामागे होती, एवढे म्हणता येते.

८/ आता संगणकाकडे. १९६१ मध्ये अमेरिकेत ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा पत्ते व फाशांवरचा बेसबॉल आला. १९९२ मध्ये इंग्लंडात ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये ‘हॅट्रिक’ हा ऑनलाइन फुटबॉल खेळ. खेळाडू आकड्यांचे, निकाल गणिताचा. माणसाच्या हाती उरते ती निवड आणि डावपेच.

९/ म्हणून इथला हंगामपूर्व सराव व्यवस्थापकाचा असतो. नवी रचना चालते का? राखीव खेळाडू मुख्य संघात बसतो का? नव्या सदस्याला नियम उमगले का? कोणता व्यवस्थापक वेळेवर संघ पाठवतच नाही? आयोजकालाही आपली गणना आणि वेळापत्रक बिनचूक चालते का, हे कळते. शरीर वजा केल्यावर हंगामपूर्व काळाचा गाभा तेवढा शिल्लक राहतो : चूक स्वस्त असताना ती करून पाहणे.

१०/ आमच्या वाशीम जिल्ह्यात हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सोयाबीन पेरण्याआधी शेतकरी घरच्या बियाण्यातले १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि काही दिवसांनी कोंब मोजतो. ७० किंवा अधिक उगवले, तर शिफारशीइतके बियाणे पेरायचे; कमी उगवले, तर प्रमाण वाढवायचे किंवा बियाणेच बदलायचे. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी विदर्भ-मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर झाल्या. दुबार पेरणीचा खर्च म्हणजे काय, हे तेव्हा अनेक घरांना कळले.

११/ गोणपाटातल्या त्या १०० दाण्यांचे पीक कोणी मोजत नाही. हंगामपूर्व सामन्यांचे गुणही कोणी मोजत नाही. त्यांच्याकडून उत्पन्न नको असते, खरे उत्तर हवे असते; आणि ते पेरणीच्या आधी मिळाले तरच कामाचे.